आजारी माशासाठी वेगळी टाकी: पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी

तुमच्या टाकीतले सगळे मासे आज ठणठणीत असतील, तर हा लेख वाचून झाल्यावर एवढं एकच काम करा. दुकानात मिळेल तो लहानातला लहान स्पंज फिल्टर (एअर पंपाच्या हवेवर चालणारा, स्पंजातून पाणी गाळणारा) आणा आणि मोठ्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यात चालू करून ठेवा. मोठ्या टाकीला त्याची गरज नाही, हे मला माहीत आहे. तो तिच्यासाठी नाहीच. चार-सहा आठवडे तो तिथे बुडबुडत राहिला की त्याच्या भोकाभोकांत उपयोगी जिवाणूंची वस्ती होते, आणि ज्या दिवशी एखादा मासा आजारी पडेल त्या दिवशी हा स्पंज उचलून वेगळ्या टाकीत टाकला की ती टाकी पहिल्या तासापासून राहण्याजोगी असते.

हे इतकं आधी सांगायचं कारण असं. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. जुन्या टाकीत जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं तुलनेनं निरुपद्रवी नायट्रेट. नव्या, धुतलेल्या, चकचकीत टाकीत हे जिवाणू नसतात. म्हणजे आजारानं आधीच खचलेला मासा आपण प्रेमानं उचलतो आणि दोन दिवसांत त्याच्याच विषानं भरेल अशा पाण्यात सोडतो. वेगळ्या टाकीत मासे दगावतात ते बरेचदा आजारानं नव्हे, या पाण्यानं.

मग मोठ्या टाकीतच औषध टाकलं तर? तेही मी केलं आहे. माझ्या एका एंजल माशाची शेपटी कुजायला लागली होती. घरात मिथिलीन ब्ल्यूची बाटली होती, ती मी सरळ १०० लिटरच्या टाकीत ओतली. त्या औषधानं फिल्टरमधले जिवाणूही मारले. चार दिवसांत अमोनिया चढला आणि ज्यांना काहीच झालेलं नव्हतं अशा सहा टेट्रा माशांपैकी चार गेले. एंजल वाचला. त्या टाकीच्या सांध्यांमधलं सिलिकॉन अजून निळं आहे आणि ते दिसलं की मला ते चार टेट्रा आठवतात.

आधी मोठ्या टाकीचं पाणी तपासा

मासा कोपऱ्यात बसला आहे, पर अंगाशी मिटून घेतले आहेत, वर येऊन तोंड उघडझाप करतो आहे, खात नाही. यातली निम्मी लक्षणं खराब पाण्याचीही असतात. म्हणून टाकी मांडायच्या आधी टेस्ट किटनं मोठ्या टाकीतला अमोनिया, नायट्राइट आणि पीएच बघा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. शून्य नसतील तर आजारी मासा नाही, टाकी आहे. एकाला बाहेर काढून उरलेल्यांना त्याच पाण्यात ठेवण्यात अर्थ नाही. तिथे उपाय एकच: ३० ते ५० टक्के पाणी बदला, खाणं थांबवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

पीएचकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात, पण अमोनिया किती घातक ठरेल ते पीएच ठरवतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच आकडा ५ टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. बोअरवेलचं जड पाणी वापरणाऱ्यांनी हे मनात पक्कं ठेवावं.

कुणाला वेगळं काढायचं आणि कुणाला नाही

जखम झालेला, इतरांनी टोचून बेजार केलेला, पर कुजलेला, पोट फुगलेला, अंगावर कापसासारखी बुरशी आलेला मासा वेगळा काढावा. त्याला शांतता मिळते, औषध थोडक्या पाण्यात नेमकं देता येतं आणि तो खातो का, शी कशी करतो, हे दिसतं.

पांढऱ्या ठिपक्यांचा आजार मात्र याला अपवाद आहे. अंगावर आणि परांवर रवा भुरभुरल्यासारखे बारीक, उठावदार ठिपके दिसतात. त्याला सगळे व्हाइट स्पॉट किंवा इक म्हणतात. हा एक परजीवी आहे. माशाच्या कातडीखाली तो वाढतो, मग गळून तळाशी जातो, कवच करतो आणि त्या एका कवचातून शेकडो पिल्लं बाहेर पडून नवा मासा शोधतात. म्हणजे एका माशावर ठिपके दिसले तेव्हा तळातल्या खडीत तो पसरून चुकलेला असतो. त्या एकाच माशाला बाहेर काढून काही साधत नाही. एक तर मोठ्या टाकीतच उपचार करावे, नाहीतर झाडून सगळे मासे वेगळे काढावे आणि मोठी टाकी कोमट पाण्यावर दोन आठवडे रिकामी चालवावी. मासाच नसेल तर पिल्लं दोन-तीन दिवसांत उपाशी मरतात, फक्त सगळी कवचं फुटायला वेळ द्यावा लागतो.

आणि नुकताच आणलेला मासा लाजून झाडामागे लपला असेल तर त्याला दोन दिवस तसाच राहू द्या.

सामान

टाकी काचेचीच हवी असं नाही. नवा, साबण न लागलेला प्लास्टिकचा टब किंवा झाकणाचा खोका चालतो, फक्त बाजूनं मासा दिसत नाही म्हणून मला काच बरी वाटते. बेट्टा, गप्पी, टेट्रा यांना १५-२० लिटर पुरे. एंजल, गुरामी यांना ३०. गोल्डफिश असेल तर ४० लिटरच्या खाली जाऊ नका, तो फार घाण करतो.

टाकीत नेमकं किती लिटर पाणी आहे हे आत्ताच काढून टाकीवर मार्करनं लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा औषधाचा हिशेब त्यावर आहे. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचात मोजा, तिघांचा गुणाकार करा, ६१ नं भागा. १८ इंच लांब, १० इंच रुंद आणि १० इंच पाणी म्हणजे साडेएकोणतीस लिटर. टाकीची उंची धरू नका, पाण्याची धरा. दुकानदार "दीड फुटी" म्हणतो, त्यावर औषध मोजता येत नाही.

बाकीचं: एअर पंप, नळी, नळीत बसणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, ५० वॅटचा हीटर, थर्मामीटर, झाकण, वेगळी बादली, वेगळा मग, वेगळी जाळी आणि औषधाच्या दुकानातून बिनसुईच्या दोन सिरिंज, एक १ मिलीची, एक १० मिलीची. मीठ तोलायला स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा. लपायला पीव्हीसी पाइपाचा एल्बो किंवा एखादी मातीची कुंडी आडवी. जुनी कुंडी नको, तिनं खत-कीटकनाशक शोषलेलं असतं.

बादली आणि जाळी वेगळी हवी म्हणजे हवीच. ओल्या जाळीतून रोग मोठ्या टाकीत परत जातो. मी माझ्या आजारी टाकीच्या सगळ्या वस्तूंना लाल इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवली आहे, म्हणजे घरातलं कुणीही चुकून उचलत नाही.

खडी, वाळू, लाकूड, खरी झाडं यातलं काही घालायचं नाही. तळ उघडा हवा म्हणजे विष्ठा आणि उरलेलं खाणं दिसतं, नळीनं लगेच ओढता येतं. शिवाय खडी काही औषधं शोषून घेते. पण उघडी काच खालून चमकते आणि मासा बिथरतो, म्हणून टाकीखाली बाहेरून काळा कागद घाला आणि तीन बाजूंना वर्तमानपत्र चिकटवा.

पाणी

मोठ्या टाकीचं पाणी तपासून चांगलं निघालं असेल तर वेगळी टाकी त्याच पाण्यानं भरा. तापमान, पीएच, जडपणा सगळं तेच, त्यामुळे माशाला धक्का बसत नाही. मोठ्या टाकीत तेवढं नवं पाणी घालायचं, म्हणजे तिचंही पाणी बदललं जातं.

मोठ्या टाकीचं पाणी वाईट असेल तर नळाचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब किंवा खडे मिळतात. ते सोडियम थायोसल्फेट असतं आणि क्लोरीन लगेच मारतं. हाताशी नसेल तर पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवावं आणि त्यात एअर स्टोन (नळीच्या टोकाला बसणारा, बारीक बुडबुडे काढणारा सच्छिद्र दगड) चालू ठेवावा. एक खबरदारी मुंबई-पुण्यात सोसायटीत राहणाऱ्यांसाठी: गच्चीवरची टाकी धुतली असेल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी वापरू नका, ब्लीचिंग पावडरचा वास येतो तेवढं ते तीव्र असतं. टँकरचं पाणी आलं असेल तेव्हाही अँटी-क्लोरीन घातल्याशिवाय विश्वास ठेवू नका. बोअरचं पाणी क्लोरीनमुक्त असलं तरी त्यात प्राणवायू कमी असतो, रात्रभर हवा सोडून मगच वापरा.

प्यायच्या आरओचं पाणी स्वच्छ आहे म्हणून आजारी माशाला तेच द्यावं, असं पुष्कळांना वाटतं. त्यातून क्षार निघून गेलेले असतात, त्यामुळे पीएच टिकत नाही आणि माशाच्या अंगातले क्षार पाण्यात जाऊ लागतात. निव्वळ आरओ कधीच नको.

मांडणी

टाकी जाण्या-येण्याच्या वाटेवर नको, टीव्हीशेजारी नको, खिडकीच्या उन्हात नको. खालची जागा सपाट हवी, वर थर्माकोलचा तुकडा. पाणी भरा, वरून दोन इंच रिकामं ठेवा, घाबरलेला मासा उडी मारतो. मोठ्या टाकीतला तो स्पंज फिल्टर ओला असतानाच उचलून आणा, नळाखाली धुवू नका, आणि लगेच हवा सुरू करा. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि तिथून बोर्डात जातं. हीटरच्या वायरला प्लगच्या खाली एक झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी तिथेच गळतं. टब प्लास्टिकचा असेल तर हीटर कडेला चिकटवू नका.

तापमान मोठ्या टाकीइतकंच ठेवा. आधीच २८-३० वर नेऊ नका, कारण पुढे कळेल. मुंबईत किंवा कोकणात वर्षातले बहुतेक महिने हीटर लागत नाही असं म्हणतात आणि मोठ्या टाकीपुरतं ते खरंही आहे. पण ३० लिटर पाणी पंख्याखाली रात्रीत तीन अंशांनी उतरतं. नाशिकच्या किंवा विदर्भातल्या डिसेंबरात तर विचारायलाच नको. उन्हाळ्यात प्रश्न उलटा: पाणी ३२ च्या वर जायला लागलं तर झाकणाऐवजी जाळी ठेवा आणि पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा.

स्पंज आधी ठेवलेला नसेल तर? तर मोठ्या टाकीच्या फिल्टरमधल्या स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर सिरॅमिक रिंग जाळीच्या पिशवीत घालून आणा. तेही नसेल तर रोज निम्मं पाणी बदलायची तयारी ठेवा. कष्ट आहेत, पण मासा जगतो.

मासा हलवणं

जाळी वापरू नका, निदान जखमी माशाला तरी. जाळीनं अंगावरचा चिकट थर निघतो आणि तोच त्याचं पहिलं कवच असतो. मोठ्या टाकीचा दिवा बंद करा, एक रुंद प्लास्टिकचा डबा आडवा बुडवा आणि हातानं हळूहळू माशाला त्यात वळवा. पाठलाग सुरू झाला तर थांबा, दहा मिनिटांनी पुन्हा. पाणी तेच असेल तर डबा नव्या टाकीत तिरका करून मासा सोडून द्या. पाणी वेगळं असेल तर डबा अर्धा तास तरंगत ठेवा आणि दर पाच मिनिटांनी एक छोटी वाटी नवं पाणी त्यात घाला.

तुमच्या हाताला कापलेलं-खरचटलेलं असेल तर हातमोजे घाला. माशांचा क्षयरोग म्हणतात त्या आजाराचे जिवाणू माणसाच्या जखमेतून शिरून त्वचेवर चिवट गाठी करतात. मासा दिवसेंदिवस वाळत चालला असेल, पाठ वाकली असेल, तर तर घालाच.

मग दिवा लावू नका, आणि त्या दिवशी काही खायला घालू नका. घरातल्या मुलांना सांगा की काचेवर टकटक करायची नाही.

पहिले दोन दिवस

इथे माझं मत ठाम आहे: फाटलेले पर, किरकोळ जखम, मार खाऊन खचलेला मासा यांना पहिले दोन दिवस औषध देऊ नये. कोरं पाणी, अंधार, शांतता आणि भरपूर हवा. पुष्कळ मासे एवढ्यावरच सावरतात, आणि न सावरले तर निदान नेमकं काय झालं आहे ते तोवर दिसायला लागतं. औषध आणि हलवण्याचा धक्का एकाच दिवशी दिला तर बिघाड कशामुळे झाला हे कळायचा मार्गच उरत नाही.

दोन आजारांत मात्र थांबू नका. अंगावर सोनेरी-तपकिरी धूळ बसल्यासारखी दिसते, मासा अंग घासतो आणि कल्ले भराभर हलवतो, तो व्हेल्व्हेट. आणि तोंडाशी किंवा पाठीवर खोगिरासारखा पांढुरका-करडा पट्टा येऊन तो तासातासाला पसरतो, तो कॉलमनॅरिस. हा दिसतो बुरशीसारखा, पण असतो जिवाणूंचा. दोन्ही एक-दोन दिवसांत मासा संपवू शकतात. तापमान आधीच वाढवू नका म्हटलं ते या दुसऱ्यासाठी: कॉलमनॅरिस उबेत जास्त वेगानं वाढतो. व्हाइट स्पॉटला मदत करणारी ऊब इथे जीव घेते.

देशी बदामाचं झाड बहुतेकांच्या गल्लीत असतं, ज्याची मोठी पानं लाल होऊन गळतात ते. आपोआप गळून तपकिरी झालेलं, फवारणी न झालेलं एक पान स्वच्छ धुऊन ३० लिटरमध्ये सोडा. पाणी चहाच्या रंगाचं होतं, पीएच किंचित उतरतो आणि पानातल्या टॅनिनमुळे बुरशी-जिवाणूंना थोडा आळा बसतो. बेट्टा आणि गुरामी या पाण्यात निवांत होतात असा माझा अनुभव आहे. हे औषध नव्हे, पण पहिल्या दोन दिवसांसाठी याहून सौम्य काही मला माहीत नाही.

मीठ

दुकानातल्या निम्म्या बाटल्यांआधी मीठ आठवावं. किराण्यातलं साधं, काही न मिसळलेलं खडेमीठ घ्या. आयोडीनची भीती फार घालतात, तेवढ्या आयोडीननं मासा मरत नाही. पण मोकळं राहावं म्हणून मिठात घातलेले पदार्थ टाळलेले बरे.

लिटरला १ ग्रॅम हे सौम्य प्रमाण. नायट्राइटच्या बाधेवर आणि थकलेल्या माशाला आधार म्हणून एवढं पुरतं. ३० लिटरला ३० ग्रॅम. लिटरला २ ते ३ ग्रॅम हे उपचाराचं प्रमाण, व्हाइट स्पॉटसाठी आणि कल्ल्या-कातडीच्या बारीक परजीवींसाठी. ३ ग्रॅमनं ३० लिटरला ९० ग्रॅम होतात. ते एकदम नाही, ३०-३० ग्रॅम करून बारा-बारा तासांनी, प्रत्येक वेळी मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून. न विरघळलेला खडा माशाच्या अंगाला लागला तर भाजतो.

गोल्डफिश, मॉली, गप्पी हे मीठ सहज सोसतात. कोरिडोरस, लोच, टेट्रा यांना ते जड जातं, त्यांना १ ग्रॅमच्या पुढे नेऊ नका.

आणि हे सगळ्यात जास्त चुकतं: मीठ वाफेनं उडत नाही. पाणी आटलं तर नुसतं पाणी घाला. १० लिटर बदललं असेल तर त्या १० लिटरपुरतंच मीठ घाला. दर वेळी पूर्ण डोस घालणाऱ्यांच्या टाकीत आठवड्यात समुद्र होतो.

औषध

एका वेळी एकच औषध. आणि तेही काय झालंय याचा अंदाज बांधून.

बुरशीला, म्हणजे जखमेवर उगवलेल्या कापसाला, मिथिलीन ब्ल्यू चांगलं. वेगळ्या टाकीत ते बिनधास्त वापरता येतं, पण त्यानं स्पंजातले जिवाणू मरतात हे धरून चाला: स्पंज काढून टाका (मोठ्या टाकीत परत नको), इथे नुसता एअर स्टोन सोडा आणि रोज पाणी बदला. मॅलाकाइट ग्रीन व्हाइट स्पॉटवर चालतं. ते विषारी आहे, कातडीला लावून घेऊ नका, टेट्रा आणि बिनखवल्यांच्या माशांना निम्मा डोस. तांब्याची औषधं व्हेल्व्हेटवर उपयोगी, पण ती वापरलेल्या टाकीत पुढे झिंगे किंवा गोगलगायी ठेवता येत नाहीत. व्हेल्व्हेटमध्ये टाकी पूर्ण अंधारात ठेवा, तो परजीवी काही अंशी प्रकाशावरही जगतो.

व्हाइट स्पॉटचं औषध ठिपके गेले की थांबवण्याचा मोह होतो. ठिपके जातात म्हणजे परजीवी गळून तळाशी गेलेले असतात. औषध कातडीखालच्या किंवा कवचातल्या परजीवीला काहीच करत नाही, फक्त पोहणाऱ्या पिल्लाला मारतं. २५-२६ अंशांना त्याची एक फेरी साधारण ४ ते ६ दिवसांची असते, २८-३० ला ती लवकर आटपते. म्हणून तापमान दर काही तासांनी एकेक अंशानं वाढवा, हवा वाढवा (उबदार पाण्यात प्राणवायू कमी मावतो) आणि शेवटचा ठिपका दिसल्यानंतरही आठवडाभर उपचार चालू ठेवा.

पोट फुगलंय पण खवले जागच्या जागी आहेत, शी होत नाही, तर बद्धकोष्ठ असू शकतं. तीन दिवस उपास, मग गोल्डफिशला उकडून साल काढलेल्या मटारदाण्याचा कण. औषधाच्या दुकानात मिळणारं एप्सम सॉल्ट २० लिटरला एक चहाचा चमचा घातलं तर मदत होते. खवले मात्र फणसाच्या काट्यांसारखे उभे राहिले असतील तर मूत्रपिंड निकामी होत आलेलं असतं आणि त्यातून थोडेच मासे परततात. हे मी लपवून ठेवणार नाही.

माणसांच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकू नका. टेट्रासायक्लिन जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून निकामी होतं, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुधा जडच असतं. अर्धवट डोसांनी न मरणारे जिवाणू तेवढे पोसले जातात. प्रतिजैविक लागेलच असं वाटलं तर माशांचं काम करणाऱ्या पशुवैद्याला विचारा. असे कमी आहेत, पण फोटो आणि पाण्याचे आकडे पाठवून सल्ला देणारे सापडतात.

फिल्टरमध्ये कार्बन (कोळशाचे काळे दाणे) असेल तर औषधाआधी काढा. नाहीतर तुम्ही घातलेलं औषध तो शोषून घेतो.

रोजचं काम

सकाळी थर्मामीटर बघा, मग मासा. माझ्या वहीत रोज एक ओळ असते: तापमान, अमोनिया, किती पाणी बदललं, काय घातलं, खाल्लं का. तिसऱ्या दिवशी आपल्याला आदल्या दिवशीचा डोस आठवत नाही, ही खात्री बाळगा.

हीटरचा प्लग काढून पंधरा मिनिटं थांबा, मग नळीनं तळाची घाण ओढत २५ ते ३० टक्के पाणी काढा. टेस्ट किट अमोनिया लिटरला ०.२५ मिलिग्रॅम दाखवत असेल तर निम्मं. नवं पाणी तेवढ्याच तापमानाचं, बादलीतच अँटी-क्लोरीन घातलेलं, हळूहळू. काढलेल्या पाण्यापुरतंच औषध आणि मीठ भरून काढा, औषधाच्या बाटलीवर वेगळं सांगितलं नसेल तर.

खाणं दिवसातून एकदा, चिमटीचाही अर्धा. पाच मिनिटांत खाल्लं नाही तर काढून टाका. मोठा मासा चार दिवस उपाशी राहिला तर काही होत नाही, पण कुजलेल्या खाण्यानं होतं.

वीज जाते. यूएसबीवर चालणारे छोटे एअर पंप मिळतात, पॉवर बँकेवर रात्रभर निघतात. एक घेऊन ठेवा. तोही नसेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी मगभर पाणी वीतभर उंचीवरून परत टाकीत ओता.

परत मोठ्या टाकीत

लक्षणं गेली म्हणून लगेच नाही. औषध संपल्यावर आठवडाभर साध्या पाण्यात ठेवा, रोजच्या पाणीबदलात मीठ आपोआप उतरू द्या, शेवटचे दोन-तीन दिवस मोठ्या टाकीचंच पाणी घाला. या आठवड्यात तो नीट खायला लागला पाहिजे. भुकेजून काचेशी येणारा मासा बघितला की आपल्याला कळतंच.

सोडताना मोठ्या टाकीचा दिवा बंद ठेवा. एंजल, बार्ब, सिक्लिड यांच्यात जागेवरून मारामारी होते आणि पंधरा दिवस बाहेर राहिलेल्याची जागा गेलेली असते. सोडण्याआधी आतले दगड-लाकूड हलवा, म्हणजे सगळ्यांनाच टाकी नवी वाटते. तो मुळात मार खाऊनच आजारी पडला असेल, तर परत त्याच टोळीत पाठवण्याआधी नीट विचार करा.

नाहीच वाचला तर

काही मासे परतत नाहीत. खाणं सुटलंय, एका कुशीवर पडून आहे, आठवडाभर काहीच फरक नाही, अशा वेळी त्याला तसंच ताटकळत ठेवू नये. लवंगेचं तेल वेदनेशिवाय झोप लावतं. टाकीतलं एक लिटर पाणी एका भांड्यात घ्या, मासा त्यात ठेवा. छोट्या बाटलीत थोडं कोमट पाणी आणि चार-पाच थेंब लवंगतेल घालून दुधाळ होईपर्यंत हलवा आणि ते भांड्यात सावकाश मिसळा. तो गाढ झोपला, स्पर्शाला हलेनासा झाला, की आणखी दहा थेंब तसेच हलवून घाला. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास त्याच पाण्यात राहू द्या. मग कुंडीत पुरा.

जिवंत मासा संडासात किंवा बर्फात टाकू नका. आणि नदी-तळ्यात कधीही सोडू नका, बरा झालेला आणि नकोसा झालेलाही नाही. शौकिनांच्या टाक्यांतला सकर मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडतो आहे.

टाकी आवरताना

पाणी गटारात, टाकी साबणाशिवाय घासून. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि वीस भाग पाणी असं भरून अर्धा तास ठेवा, जाळी, नळी, पाइपचा एल्बो त्यातच. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं अ‍ॅसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. दोनदा धुऊन शेवटच्या पाण्यात अँटी-क्लोरीन घाला आणि सगळं दोन दिवस कडकडीत उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली, पण पूर्ण कोरडं होईपर्यंत.

या टाकीत वापरलेला स्पंज फेकून द्या, तो स्वस्त असतो. हीच टाकी पुढे नवे मासे तीन-चार आठवडे वेगळे ठेवायलाही कामाला येईल, म्हणून माळ्यावर अगदी मागे टाकू नका. आणि नवा स्पंज आणाल तेव्हा तो टाकीबरोबर माळ्यावर न ठेवता मोठ्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यात लावा आणि त्या दिवशीची तारीख लिहिलेली चिठ्ठी काचेला बाहेरून चिकटवा.